जमिनीचे विश्वस्त : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा धडा

जमीन मिळवणे आणि मिळालेली जमीन राखणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील. परंतु आपल्याकडील भूमिविषयक चळवळींचा इतिहास पाहिला, तर पहिल्या गोष्टीवर जेवढी शक्ती आणि वाणी खर्ची पडली, तिच्या दशांशही दुसरीवर पडली नाही असे दिसते. जमीन मिळवणे हा प्रसंग असतो. तिचे रक्षण हा नित्यक्रम असतो. प्रसंगाला माणसे जमतात, नित्यक्रमाला संस्था लागते. जमिनीच्या रक्षणाची कोणतीही योजना ही अखेर ती राखणाऱ्या संस्थेच्या बळाची योजना असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेरचा, तरीही मराठी वाचकाला सर्वस्वी परका नसलेला एक प्रदेश डोळ्यांपुढे ठेवला आहे. तो म्हणजे तंजावरभोवतीचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश.

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल, मोडीचे रुमाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसले वंशाचा मराठी शिलालेख आठवतो. इ. स. १६७६ ते १८५५ ह्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या भोसले राजवटीने तिथे आणखी एक गोष्ट वाढवली, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे छत्रे. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी बांधलेली ही अन्नछत्रे नुसत्या धर्मशाळा नव्हत्या. त्यांना गावेच्या गावे आणि शेते लावून दिलेली असत, आणि त्या जमिनींच्या उत्पन्नातून अन्नदान, औषधोपचार व अध्यापन चाले. सरफोजी दुसरे ह्यांनी ओरत्तनाडु येथे उभारलेले मुक्तांबेच्या नावाचे छत्र प्रसिद्धच आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यावर १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला जे पत्र लिहिले, त्यात छत्रांना लावून दिलेल्या उत्पन्नाला धक्का लागू नये अशी कळकळीची विनंती होती. राज्य गेले तरी चालेल, पण लावून दिलेल्या जमिनी त्यांच्या कार्यापासून तोडू नका, असा त्या विनंतीचा आशय आहे. एखाद्या हेतूसाठी कायमची बांधून दिलेली जमीन ही कल्पना, म्हणजेच आज ज्याला भूमिन्यास म्हणतात त्याचे बीज, आपल्या परंपरेत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र अवश्य पाहावे.

परंतु पुढे काय झाले? १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावर छत्रे सरकारी आणि पुढे जिल्हा मंडळाच्या देखरेखीखाली गेली. इमारती राहिल्या, पण जमीन आणि कार्य ह्यांचे नाते विरत गेले. ह्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. छत्राची जमीन ज्यांच्यासाठी होती, त्या वाटसरूचा तिच्या कारभारात काही हात नव्हता. जे ती कसत होते, त्यांचाही नव्हता. ती राजाच्या इच्छेवर उभी होती. राजा गेला, इच्छा गेली. दानपत्र राहिले, पण त्यावर पहारा करणारे कोणी उरले नाही.

ह्याच प्रदेशात न्यासाचे दुसरे, अधिक विदारक रूप दिसते. कावेरीच्या गाळाची जमीन अत्यंत सुपीक. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापासून फुटणाऱ्या कालव्यांवर आणि १९३४ पासून मेट्टूर धरणाच्या पाण्यावर कुरुवै, सांबा, ताळडी अशी भातपिके होत आली. पण जमिनीची मालकी मूठभर मिरासदारांकडे, मठांकडे आणि देवस्थानांकडे एकवटलेली. ‘मिरासदार’ हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे, फक्त तिकडे त्याचा भार फार वेगळा होता. महाराष्ट्रातील मिरासदार बहुधा स्वतः नांगरामागे चालणारा कुणबी. तंजावरचा मिरासदार पुष्कळदा चिखलात पाऊल न टाकणारा. चिखलात उभा राही तो पण्णैयाळ, म्हणजे पिढ्यान्पिढ्या एका घराला बांधलेला, बहुतांशी दलित असलेला शेतमजूर. त्याच्या संरक्षणासाठी १९५२ मध्ये मद्रास सरकारला केवळ तंजावरपुरता वेगळा कायदा करावा लागला, ह्यावरून परिस्थितीची कल्पना यावी. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ३० प्रमाण एकरांची आणि १९७० मध्ये १५ प्रमाण एकरांची मर्यादा घातली. परंतु सार्वजनिक स्वरूपाच्या धार्मिक न्यासांना त्या कायद्यातून सूट होती. आणि सूट जिथे असते तिथे कागद धावत जातात. देवाच्या, धर्मादायाच्या अथवा नातलगांच्या नावाने जमीन ठेवायची आणि भोग मात्र पूर्वीच्याच घराने घ्यायचा, अशी बेनामी व्यवस्था जागोजागी रुजली. सत्तरीच्या दशकात वलिवलम येथे सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांना सत्याग्रह करावा लागला तो ह्याच प्रकारच्या जमिनींसाठी. न्यास हा शब्द स्वतःच पवित्र नाही, हे ह्यावरून ध्यानी घ्यावे. जो न्यास कसणाराला उत्तरदायी नाही, तो जमिनीचे रक्षण करत नाही. तो मालकाचे रक्षण करतो.

ह्या व्यवस्थेची परिसीमा २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे झाली. तेव्हाच्या पूर्व तंजावरमधील, आज नागपट्टिनम् जिल्ह्यात असलेल्या ह्या गावी मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आश्रय घेतलेले ४४ दलित जाळले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील जमीनदार आरोपींना निर्दोष सोडले. ही घटना घडल्यावर तिथे येऊन राहिलेल्यांत कृष्णम्माळ आणि एस. जगन्नाथन् हे सर्वोदयी दांपत्य होते. दोघेही विनोबांबरोबर भूदानासाठी पायी हिंडलेले. कोकणातल्या गागोद्याला जन्मलेल्या एका मराठी संताचा विचार कावेरीकाठी पोहोचला तो असा, आणि ह्या प्रदेशाशी असलेल्या आपल्या नात्याचा हा दुसरा, भोसले राजवटीहून अधिक जिवंत धागा आहे.

भूदानाचे मूल्यमापन येथे थोडे स्पष्टपणे केले पाहिजे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला मिळालेल्या शंभर एकरांपासून सुरू झालेल्या ह्या यज्ञात देशभर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. जगाच्या इतिहासात ह्याला तोड नाही. तथापि त्यांतली फार मोठी जमीन प्रत्यक्षात वाटलीच गेली नाही. काही खडकाळ, काही वादग्रस्त, काही दात्याच्या वारसांनी परत घेतलेली. आणि जी वाटली गेली तिच्यापैकी पुष्कळ जमीन बैल, विहीर, बियाणे ह्यांच्या अभावी पडीक राहिली अथवा सावकाराकडे गेली. ह्यात दात्यांचा खोटेपणा होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः दोष दुसरीकडे होता. दान मागणारा पुढच्या गावी निघून जाई, आणि मागे दानपत्र नोंदवणारा, मोजणी करून घेणारा, वारसाशी भांडणारा, पहिल्या दोन हंगामांचे कर्ज उभे करणारा कोणी राहत नसे. नदी वाहत होती, पण पाट काढलेले नव्हते.

केवळ औदार्य पुरत नाही, तसा केवळ कागदी निर्बंधही पुरत नाही. ह्याचे उदाहरण म्हणून तमिळनाडूतील ‘पंचमी’ जमिनींकडे पाहावे. चेंगलपट्टूचे जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर ह्यांच्या अहवालानंतर १८९२ मध्ये मद्रास सरकारने दलितांना जमिनी देण्याचा निर्णय केला. दहा वर्षे हस्तांतर नाही, आणि त्यानंतरही केवळ दलितांनाच, असा त्यात निर्बंध होता. कागद म्हणून ह्याहून चोख काय हवे? तरीही त्या जमिनी मोठ्या प्रमाणावर परक्या हातांत गेल्या, आणि त्या परत मिळाव्यात म्हणून आजही तेथे आंदोलने होतात. निर्बंध होता, तो मोडला गेला की ओरड करणारी संस्था नव्हती. गावचा कर्णम्, म्हणजे आपला कुलकर्णी म्हणा, जे लिहील ते खरे, अशी स्थिती होती. ही वंशपरंपरागत ग्रामाधिकारी पद्धती तमिळनाडूने १९८० मध्ये रद्द केली. तोवर दप्तर ज्याचे, जमीन त्याची, हा नियम चालूच राहिला.

ह्या दोन्ही अपयशांतून शिकूनच १९८१ मध्ये कृष्णम्माळ व जगन्नाथन् ह्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था स्थापन केली. ‘कसणाराच्या मुक्तीसाठी जमीन’ असा तिच्या पूर्ण नावाचा अर्थ. तिची पद्धत भूदानाहून वेगळी होती. जमीनदाराकडे दान मागण्याऐवजी त्याला भूमिहीनांबरोबर एका बैठकीत बसवायचे, रास्त भाव ठरवायचा, भूमिहीनांच्या गटासाठी कर्ज उभे करायचे, जमीन विकत घ्यायची आणि साधारणपणे कुटुंबामागे एक एकर ह्या मानाने ती नावावर करायची. तीही घरातल्या स्त्रीच्या नावावर. पुढे सहकाराने शेती करून कर्ज फेडायचे. बँका प्रथम कचरत होत्या, मुद्रांक शुल्काचा भार मोठा होता. तरीही २००७ पर्यंत सत्याग्रह आणि खरेदी ह्या दोन्ही मार्गांनी मिळून सुमारे १३,००० एकर जमीन जवळजवळ १३,००० कुटुंबांकडे गेली. २००८ मध्ये ह्या दांपत्याला ‘राइट लाइव्हलिहुड’ पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये कृष्णम्माळ ह्यांना पद्मभूषण मिळाले. जगन्नाथन् २०१३ मध्ये वारले.

प्रस्तुत लेखकाला ह्यात संख्येपेक्षा महत्त्वाच्या वाटतात त्या तीन गोष्टी. पहिली, खरेदी. दान दिलेला माणूस मनात कुठेतरी मालकच राहतो. पैसे घेतलेला मालक कायद्याने आणि मनानेही बाजूला होतो. दुसरी, स्त्रीचे नाव. पुरुषाच्या नावची जमीन दारूच्या अथवा लग्नाच्या कर्जात जितक्या सहज जाते, तितकी स्त्रीच्या नावची जात नाही. शिवाय मालकांचा हा वर्ग सभेला येतो, आणि सभेला येणाऱ्यांतूनच संस्था बनते. तिसरी, शेती नसलेल्या महिन्यांचा विचार. चटया विणणे, शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम ह्यांचे शिक्षण देण्याचा खटाटोप संस्थेने केला तो परोपकाराची हौस म्हणून नव्हे. एका एकरावरचे कुटुंब वर्षातले काही महिने उपाशी राहिले, तर तो एकर सावकाराच्या दारात जाऊन उभा राहणारच. जमिनीचे रक्षण पुष्कळदा जमिनीबाहेर करावे लागते.

नव्वदीच्या दशकात ह्या संस्थेची खरी परीक्षा झाली. किनाऱ्यालगतच्या भातशेतीत कोळंबीची तळी खोदली जाऊ लागली. खारे पाणी शेजारच्या शेतांत आणि पिण्याच्या विहिरींत झिरपू लागले. येथे शत्रू मिरासदार नव्हता, भांडवल होते. आणि ज्याची जमीन विकत घेतली नाही त्याचीही जमीन नापीक होत होती. जगन्नाथन् ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने, पारंपरिक पद्धती वगळता, किनारी नियमनाच्या पट्ट्यातील कोळंबी-तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. चळवळीचा हा मोठाच विजय. परंतु पुढे काय घडले तेही सांगितले पाहिजे. अंमलबजावणी रेंगाळली, फेरविचाराचे अर्ज आले, आणि २००५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने त्या निकालाचा पायाच बव्हंशी काढून घेतला. न्यायालयातला विजय हाही एक प्रसंगच. त्याच्या मागे वर्षानुवर्षे दिल्लीपर्यंत पाठपुरावा करील असे बळ गावात नसले, तर निकाल ग्रंथालयात राहतो आणि तळे शेतात राहते.

येथे एका दूरच्या उदाहरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण तेही अखेर विनोबांशी येऊन मिळते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑल्बनी शहराजवळ १९६९ मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था स्थापन झाली. मतदार म्हणून नाव नोंदवले एवढ्यासाठी गोऱ्या मालकांनी कृष्णवर्णीय कुळांना जमिनीवरून हुसकावले होते. चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सुमारे ५,७०० एकर घेतले. मालकी संस्थेची, वहिवाट कुटुंबांची. त्यांना साहाय्य करणाऱ्या रॉबर्ट स्वॉन ह्यांच्या विचारांमागे भारतातील ग्रामदानाची कल्पना होती. आज अमेरिकेत ज्याला सामुदायिक भूमिन्यास म्हणतात त्याचा हा आरंभ मानला जातो. आपल्याकडे ग्रामदान स्मारकात जाऊन बसत असताना ते परदेशात नव्या नावाने रुजले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी की लाजेने, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा. पण ‘न्यू कम्युनिटीज’ची कथा तिथे संपत नाही. दुष्काळ आला, सरकारी शेतीकर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाले तसे ह्यांना मिळाले नाही, आणि १९८५ मध्ये सारी जमीन हातची गेली. २००९ मध्ये ह्या पक्षपाताबद्दल सुमारे एक कोटी वीस लक्ष डॉलरची भरपाई त्यांना मिळाली आणि २०११ मध्ये संस्थेने पुन्हा जमीन घेतली. पंचवीस वर्षे जमीन नव्हती, तरी सभासदांनी संस्था मोडली नाही. म्हणूनच भरपाई घेण्यास कोणी शिल्लक होते. जमीन जाऊनही संस्था टिकली तर जमीन परत येऊ शकते. संस्था गेली तर असलेली जमीनही राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. कसणाराला जमीन पूर्ण मालकीने द्यावी, की मालकी न्यासाकडे ठेवून वहिवाट त्याला द्यावी? लाफ्टीने पहिला मार्ग धरला. शास्त्रशुद्ध विचार करणारा म्हणेल की दुसरा मार्ग अधिक सुरक्षित. न्यासाची जमीन विकताच येत नाही. तथापि कीळवेण्मणीच्या स्त्रीच्या जागी उभे राहून पाहावे. तिच्या कोणत्याही पूर्वजाच्या नावे कधी पट्टा नव्हता. देवस्थानाची जमीन, मठाची जमीन, न्यासाची जमीन हे शब्द तिने जन्मभर ऐकले ते मालकाच्या तोंडून. आज तिला पुन्हा सांगायचे की जमीन न्यासाची आहे, तू फक्त कस. तर तिला त्यात नवा मिरासदार दिसला ह्याबद्दल तिला दोष कसा द्यावा? तिच्या दृष्टीने पट्ट्यावरील नाव हे माणूस म्हणून मिळालेले नाव आहे. म्हणून तिला मालकी दिली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

परंतु तिच्या नातवाच्या काळात काय? आज त्रिभुज प्रदेशात मजुरी सोडून तरुण तिरुप्पूरला, चेन्नईला आणि आखातात जातात. कावेरीचे पाणी वेळेवर येईल ह्याची शाश्वती नाही. एक एकरावर पोट भरत नाही. २०२० मध्ये राज्याने हा भाग संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून कायद्याने घोषित केला, नव्या तेल-वायू प्रकल्पांना तेथे बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण तो कायदा जमिनीचा उपयोग राखतो, जमीन कोणाची ह्याबद्दल तो मौन आहे. भातशेती भातशेतीच राहील आणि तरीही एकेक एकर पुन्हा एखाद्या मोठ्या घराकडे जमा होईल, ह्याला तो कायदा आडवा येत नाही.

ह्यातून मार्ग निघतो तो ग्रामदानाच्या मूळ कल्पनेतच. ग्रामदानात विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा. उरलेली जमीन कुटुंबाने आणि त्याच्या वारसांनीच कसायची. मात्र ती गावाबाहेर विकायची नाही, विकणे झाले तर गावाच्या संमतीने. म्हणजे कसण्याचा आणि वारशाचा हक्क घराचा, विकण्याच्या हक्काला गावाचा लगाम. आपल्याकडे १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाने ही तरतूद केलेली आहे आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने २०१३ मध्ये तिचाच आधार घेतला. मेंढ्याला ते जमले ह्याचे कारण कायदा नव्हे. सर्वांच्या संमतीवाचून निर्णय घ्यायचा नाही ही त्या ग्रामसभेची अनेक वर्षांची सवय होती. कायदा मागाहून आला, संस्था आधी होती. त्रिभुज प्रदेशातील स्त्रियांच्या सभांनी असाच नियम स्वतःवर घालून घेतला, विकायची वेळ आलीच तर प्रथम आपल्या सभेला आणि रास्त भावाने, तर मालकीही राहील आणि जमीनही राहील.

असा नियम पाळायचा तर संस्थेला काही नित्यकर्मे लागतात आणि ती नीरस आहेत हे आधीच सांगून टाकलेले बरे. प्रत्येक शेताचा उतारा, नकाशा व खरेदीखत एका ठिकाणी असावे आणि दर वर्षी एकदा तरी प्रत्यक्ष बांधावर जाऊन ते पडताळावे. अतिक्रमण पहिल्या वर्षी वीतभर असते, दहाव्या वर्षी ते वहिवाट होते. विश्वस्त मंडळात कसणाऱ्यांचे बहुमत असावे. हितचिंतकांनी सल्लागार व्हावे, मालक होऊ नये. रोजच्या खर्चाचा पैसा आणि जमीन राखण्याचा राखीव पैसा ह्यांची खाती वेगळी असावीत. दुष्काळात हप्ता भरायला आणि कोर्टात वकील द्यायला दुसऱ्या खात्याखेरीज कोणी येत नाही. आणि शेवटचे, नेतृत्वाचा वारसा. कृष्णम्माळ आणि जगन्नाथन् ह्यांच्यासारखी माणसे शतकातून एखाद्या वेळी जन्मतात. त्यांच्या तपावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही संस्थेला सर्वांत मोठा धोका त्यांच्या थोरवीचाच असतो. सरफोजींच्या छत्रांचे जे झाले ते पुन्हा होऊ द्यायचे नसेल, तर संस्थेने व्यक्तीच्या इच्छेवरून स्वतःच्या नियमावर यायला शिकले पाहिजे.

ह्यावर असा आक्षेप येईल की हे सारे दप्तर, खाती आणि सभा म्हणजे चळवळीचे कार्यालय करणे होय. त्यागाचा ओलावा त्यात सुकून जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु कावेरीच्या खोऱ्यातच त्याचे उत्तर आहे. ‘कुडिमरामत्तु’ हा शब्द तिथे जुना आहे. त्यातली ‘मरामत’ आपल्याही ओळखीची. पाट आणि तळी साफ ठेवण्यासाठी दर वर्षी गावाने स्वतः राबायचे, असा तो रिवाज. सरकारने त्यासाठी १८५८ मध्ये सक्तीचा कायदा केला, तरी रिवाज क्षीण होत गेला. अलीकडे तमिळनाडू सरकारने त्याच नावाने योजना काढली आहे. कल्लणै बांधणाऱ्या चोळ राजाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण दोन हजार वर्षे पाणी शेतापर्यंत पोहोचले ते दर उन्हाळ्यात गाळ उपसणाऱ्या निनावी हातांमुळे. बंधारा एकदा बांधला जातो, गाळ दर वर्षी साचतो. जमिनीच्या चळवळींना आजवर बंधारे बांधणारे पुष्कळ लाभले. आता गरज आहे ती गाळ काढणाऱ्यांची.